श्वासावर लक्ष ठेवलं की धडधड: ध्यानाची पद्धत बदलावी लागलेल्या एका साधिकेचं प्रकरण

हे प्रकरण आठ आठवड्यांच्या मार्गदर्शनाचं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ध्यान शिकवणाऱ्यांना, आणि स्वतःहून ध्यान सुरू करून मध्येच अडकलेल्यांना, यातून काही हाती लागावं म्हणून ते सविस्तर लिहिलं आहे. साधिका आळशी अजिबात नव्हती. ती चिकाटीनं चुकीच्या जागी जोर लावत होती, आणि असं होणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात.

पार्श्वभूमी

साधिकेचं वय ४३. हिशेब तपासणीच्या कामात एका गटाच्या प्रमुख, दिवसाचे नऊ-दहा तास पडद्यासमोर. घरी वडिलांचं लांबलेलं आजारपण. सात महिन्यांपासून झोप बिघडलेली: अंथरुणावर पडल्यावर तासभर तरी डोळ्याला डोळा लागत नाही आणि आठवड्यातल्या चार-पाच रात्री तीनच्या सुमारास जाग येते. दिवसा चिडचिड, हाताखालच्या लोकांवर आवाज चढणं, मग संध्याकाळभर त्याची रुखरुख.

एका सहकाऱ्यानं सुचवल्यावरून त्यांनी मोबाइलवरच्या ॲपच्या मदतीनं ध्यान सुरू केलं. रोज ४० मिनिटं, तेही पहिल्या दिवसापासून. वेळ रात्री पावणेअकरा, जागा पलंग, दिवा मालवलेला, डोळे मिटलेले. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा आणि मन भटकलं की परत श्वासावर आणायचं, एवढीच सूचना.

४० मिनिटांचा हा आकडा हवेतून आलेला नव्हता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात घरी रोज साधारण ४५ मिनिटं सराव करायचा असतो. आज मिळणाऱ्या पुष्कळ ध्वनिफिती त्याच वळणावर तयार झालेल्या आहेत. पण मूळ कार्यक्रमात दर आठवड्याला सुमारे अडीच तास शिक्षकासमोर बसायचं असतं, सोबत गट असतो, सुरुवात शरीरावरून सावकाश लक्ष फिरवण्यानं होते आणि कुणाला त्रास झाला तर तो त्याच आठवड्यात बोलून दाखवता येतो. आकडा तेवढा बाहेर आला, त्याच्या भोवतीचा आधार मागेच राहिला.

अडचण

पहिले नऊ-दहा दिवस बरे गेले. काहीतरी नवं करतोय याचं समाधान होतं, दोन-तीन रात्री झोपही लवकर लागली. त्यानंतर सूर बिघडला. श्वासाकडे लक्ष गेलं की तो आपोआप चालेना, प्रत्येक श्वास आपणच घ्यायला हवा असं वाटू लागलं. मग त्या खोल श्वास ओढू लागल्या. छाती आवळल्यासारखी, ओठांना मुंग्या, हलकी भोवळ, धडधड. डोळे उघडले की पाच-दहा मिनिटांत ओसरायचं, पण तोवर झोप पार उडालेली असायची.

ॲपमध्ये सलग किती दिवस बसलात याची मोजणी होती. ती मोडू नये म्हणून त्यांनी आणखी तीन आठवडे नेटानं रेटलं. या काळात झोप लागायला लागणारा वेळ कमी व्हायचा सोडून वाढला, आणि पलंगावर टेकलं की पोटात गोळा येऊ लागला. मार्गदर्शकांकडे आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ध्यान माझ्या नशिबात नाही. मन फार चंचल आहे माझं."

पहिली भेट

मार्गदर्शकांनी चंचलपणाचा धागा धरला नाही. त्यांनी विचारलं, "त्रास नेमका कधी सुरू होतो? मन दुसरीकडे गेलेलं असतं तेव्हा, की तुम्ही त्याला श्वासावर परत आणता तेव्हा?"

साधिकेनं बराच वेळ विचार करून उत्तर दिलं, "परत आणते तेव्हा."

सगळ्या प्रकरणाची किल्ली या उत्तरात होती. मन भटकणं ही अडचण असती तर भटकताना त्रास झाला असता. इथे भटकलेलं मन सुखात होतं आणि आलंबनाकडे, म्हणजे ज्यावर लक्ष टिकवायचं त्या गोष्टीकडे, परत आलं की जीव घाबरत होता. म्हणजे खोट आलंबनाच्या निवडीत होती.

पुढच्या प्रश्नांत कारणही सापडलं. वयाच्या नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत त्यांना दम्याचा त्रास होता. मोठेपणी एकही झटका आलेला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट सांगण्याजोगी आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पण लहानपणी पाच वर्षं ज्या माणसानं रात्री अंथरुणात बसून "श्वास नीट चाललाय ना" याची पाळत ठेवली आहे, त्याच्यासाठी श्वास ही तटस्थ गोष्ट राहत नाही. अंधार, पलंग आणि श्वासावर खिळलेलं लक्ष हे तिन्ही एकत्र आले की शरीर जुनी पाळत पुन्हा सुरू करतं.

मुंग्या आणि भोवळ यांचं कारण सरळ शरीरशास्त्रातलं आहे. गरज नसताना खोल आणि भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं झिणझिणतात. ही लक्षणं भीतीदायक वाटतात, म्हणून माणूस आणखी खोल श्वास घेतो आणि चक्र फिरत राहतं. शांत होण्याच्या प्रयत्नातूनच चिंता वाढते याची नोंद हाइड आणि बोर्कोवेक या संशोधकांनी १९८० च्या दशकातच केली होती. पुढे २०१७ साली ब्राउन विद्यापीठाच्या लिंडाल आणि ब्रिटन यांच्या गटानं ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखतींतून ध्यानाशी जोडलेल्या अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. त्यांत भीती आणि झोपेतले बदलही आहेत. साधिकेला हे सांगितल्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. आपल्यात काही विकृती नाही, हे कळणं हाही उपचाराचा भाग असतो.

याच भेटीत इतर काही प्रश्न न चुकता विचारले गेले: पूर्वी कधी भ्रम, भास किंवा अतिउत्साहाचा झटका आला होता का, फिट येतात का, जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का, एखाद्या जुन्या आघाताच्या आठवणी डोळे मिटल्यावर उसळतात का, कोणती औषधं चालू आहेत. सगळ्यांची उत्तरं "नाही" होती. एकाचंही "हो" आलं असतं तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल टाकलं नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ध्यान सोडून देण्याचा. तो हास्यास्पद नव्हता आणि तसा मानलाही नाही. २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ सहभागींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक, पण बऱ्यापैकी भरवशाचा फायदा दिसला. मात्र व्यायाम, औषधं किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणजे कुणाला रोज भरभर चालून तेवढाच फायदा होत असेल तर त्यानं ध्यान केलंच पाहिजे असं नाही. पण साधिकेला सोडायचं नव्हतं. पहिल्या दहा दिवसांत कधी कधी जे स्थिर वाटलं होतं, ते त्यांना परत हवं होतं.

दुसरा पर्याय त्यांनी स्वतः आणला होता: दहा दिवसांचं मौनाचं निवासी शिबिर. "एकदाच नीट शिकून घेते," असं त्यांचं म्हणणं. अशा शिबिरात दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं आणि सुरुवातीचे दिवस बहुधा श्वासावरच जातात. ज्या गोष्टीनं ४० मिनिटांत धडधड होते तीच दहा तास करायची हा सल्ला कुणी देऊ नये. आमचं मत इथे ठाम आहे: चालू सरावात भीतीची लक्षणं असताना शिबिर हा उपाय नाही.

तिसरा पर्याय, पद्धत तीच ठेवून वेळ ४० वरून १० मिनिटांवर आणणं. यानं ताण कमी झाला असता, पण श्वासाशी असलेलं वैर तसंच राहिलं असतं.

चौथा, आलंबन बदलणं, वेळ बदलणं आणि पलंगापासून ध्यान तोडणं. पाचवा, ध्यान बाजूला ठेवून निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याचा औषधाविना उपचार, घेणं. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली असेल तर हीच चिकित्सा आधी द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली केली आहे. साधिका या निकषात बसत होत्या.

ठरलं ते असं: चौथा पर्याय लगेच सुरू करायचा, चिकित्सेसाठी नाव नोंदवायचं आणि त्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

आधी डॉक्टर

धडधड आणि छाती आवळणं ही लक्षणं ध्यानात दिसली म्हणून ती ध्यानामुळेच असतील असं धरून चालत नाही. हृदयाचा आलेख, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुप्फुसांची फुंकून करायची चाचणी झाली. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याबद्दल घरच्यांना विचारलं गेलं. सगळं ठीक निघालं. यात पाच दिवस गेले, आणि या पाच दिवसांत ध्यान पूर्ण बंद ठेवायला सांगितलं होतं. मोजणी मोडली. साधिकेला त्याचं वाईट वाटलं, पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच ॲप काढून टाकलं.

काय केलं: पहिले तीन आठवडे

झोप आणि ध्यान यांची गाठ आधी सोडली. झोप यावी म्हणून ध्यान केलं की बसलेला प्रत्येक क्षण "आली का, आली का" याच्या तपासणीत जातो, आणि ही तपासणी माणसाला जागं ठेवते. म्हणून आठ आठवडे पलंगावर ध्यान नाही, असा नियम केला. झोपेसाठी वेगळे नियम दिले: उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच, साडेसहा, झोप दाटून आल्यावरच अंथरुणावर जायचं, अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी सौम्य करायचं आणि पेंग आली की परतायचं. घड्याळ पाहायचं नाही, म्हणून "अंदाजे".

बैठकीसाठी खुर्ची निवडली. साधिका मांडी घालून बसायच्या, पण गुडघे कमरेच्या वर राहत होते. तसं झालं की कंबर मागे ढासळते, पाठ वाकते आणि पोट दबून श्वास वरच्या छातीत अडकतो. ज्यांना जमिनीवरच बसायचं आहे त्यांनी बुडाखाली दहा ते पंधरा सेंटीमीटर उंचीची घट्ट उशी घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येऊन टेकतात. इथे मात्र खुर्चीचं आणखी एक कारण होतं: तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवे होते.

आलंबन ठरवलं तळपायांचा स्पर्श. छातीपासून शरीरात सर्वांत लांब, भीतीशी कसलंही नातं नसलेलं आणि कधीही तपासता येईल असं. सूचना अशा होत्या. खुर्चीच्या पाठीला न टेकता, पण ताठरही न होता बसायचं. हात मांड्यांवर. डोळे अर्धे उघडे, नजर दीड-दोन मीटरवर जमिनीवर सैल सोडलेली. मग उजव्या टाचेचा दाब, चवड्याचा दाब, बोटांचा स्पर्श, त्यानंतर डावा पाय, मग दोन्ही एकदम. मन गेलं असं लक्षात आलं की मनात "गेलं" एवढंच म्हणायचं आणि टाचेपासून पुन्हा सुरुवात. किती वेळा गेलं ते मोजायचं नाही. सहा मिनिटं, दिवसातून दोनदा.

डोळे अर्धे उघडे ठेवण्याबद्दल साधिका साशंक होत्या. "डोळे मिटल्याशिवाय ध्यान कसं?" पण डोळे मिटले की बाहेरच्या जगाचा आधार जातो आणि आतली प्रत्येक धडधड मोठी होते. चिंता असलेल्या माणसासाठी उघडे डोळे हे सुरक्षेचं कठडं आहे.

थांबण्याचाही नियम लिहून दिला. घाबरण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. चारपर्यंत असेल तर चालू ठेवायचं. पाच-सहा झालं तर तळपाय सोडून खोलीतल्या आवाजांकडे किंवा दिसणाऱ्या पाच वस्तूंकडे लक्ष न्यायचं. सात झालं तर उभं राहायचं, पाय जमिनीवर दाबायचे, चार पावलं चालायचं आणि त्या दिवसापुरतं संपवायचं. थांबण्याची परवानगी आहे हे माहीत असलं की थांबायची वेळ फार कमी येते. पहिल्या दोन आठवड्यांत त्या एकदाच सातपर्यंत गेल्या.

वेळेचं मात्र चुकलं. मार्गदर्शकांनी सकाळी उठल्यावर लगेचची वेळ सुचवली, कारण बहुतेकांना ती सोयीची जाते. या घरात सकाळी वडिलांची औषधं आणि अंघोळ असायची. पहिल्या सात दिवसांत चार सकाळी हुकल्या. सवय रुजायला लागणारा काळ माणसामाणसात फार बदलतो. लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात तो सरासरी ६६ दिवस होता, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका ताणलेला. आणि तिथेही नवी कृती रोज ठरलेल्या एखाद्या जुन्या कृतीला जोडलेली होती. साधिकेच्या दिवसात न चुकणारी कृती एकच होती: काम संपवून संगणक बंद करणं. दुसऱ्या आठवड्यापासून बैठक तिथे जोडली. संगणक बंद, खुर्ची थोडी मागे, सहा मिनिटं. दुसरी बैठक जेवणाच्या सुट्टीच्या आधी. त्यानंतरच्या चौदा दिवसांत फक्त दोन बैठका चुकल्या.

फार अस्वस्थ दिवशी बसण्याऐवजी चालायचं. आठ-दहा पावलांची सरळ वाट, नेहमीपेक्षा निम्म्या वेगानं, पाय उचलला, पुढे नेला, टेकवला एवढं जाणवत. टोकाला थांबून वळणंही जाणीवपूर्वक. दहा मिनिटं. बसवत नसेल तेव्हा बसून झगडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

चौथ्या आठवड्यातला अडथळा

तिसऱ्या आठवड्याअखेर बैठक दहा मिनिटांवर आली होती. धडधड जवळपास गेली होती. चौथ्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी साधिका "बरं वाटतंय तर करून टाकू" म्हणून ३५ मिनिटं बसल्या, डोळे मिटून. विसाव्या मिनिटापासून प्रत्येक श्वास पुन्हा आपणच घ्यायला हवा असं वाटू लागलं. त्या रात्री दोनपर्यंत जाग. दुसऱ्या दिवशी दोन्ही बैठका त्यांनी टाळल्या.

वेळ वाढवण्याचा नियम आधीच द्यायला हवा होता. तो आता दिला: सलग पाच दिवस सध्याची वेळ सहज जमली तरच दोन मिनिटं वाढवायची, आणि बैठक संपताना "अजून थोडं बसता आलं असतं" असं वाटलं पाहिजे. दमून उठायचं नाही.

याच आठवड्यात नोंदवही पाहताना दुसरी चूक दिसली, आणि ती पूर्णपणे मार्गदर्शकांची होती. त्यांनी दिलेल्या तक्त्यात एक रकाना होता: "आजची बैठक कशी झाली?" साधिकेनं तिथे रोज "चांगली", "वाईट", "फारच वाईट" असं भरलं होतं. आयुष्यभर इतरांच्या हिशेबातल्या चुका शोधणाऱ्या माणसाला आपण गुणपत्रिका दिली होती. मन चौदा वेळा भटकून चौदा वेळा परत आलेली बैठक त्यांच्या लेखी "फारच वाईट" होती, जेव्हा खरा सराव त्या चौदा परतण्यांमध्येच झाला होता. तो रकाना काढला. त्याजागी दोनच नोंदी ठेवल्या: किती मिनिटं बसलं, आणि मन गेल्याचं कळल्यावर काय केलं. दुसऱ्या नोंदीत सुरुवातीला "स्वतःवर वैतागले" असं वारंवार यायचं, सहाव्या आठवड्यात "टाचेवर आले" एवढंच.

पाचव्या आठवड्यात पेंग येऊ लागली. संध्याकाळी दमलेलं शरीर जरा स्थिर झालं की मान खाली जायची. यावर इच्छाशक्ती लावून उपयोग नसतो. नजर थोडी वर घ्यायची, नाहीतर सरळ उभं राहून तळपायांवर लक्ष ठेवायचं. त्यांना उभं राहणं मानवलं.

श्वासाकडे परत, पण बाजूनं

सहाव्या आठवड्यात प्रश्न आला की श्वास कायमचा टाळायचा का. टाळला असता तरी बिघडलं नसतं. पण श्वासाची भीती दिवसाही थोडी डोकावत होती, जिना चढून दम लागला की साधिका दचकायच्या. म्हणून हलक्या हातानं प्रयत्न करायचं ठरलं.

आधी चार अंक मोजून श्वास आत आणि सहा अंक मोजून बाहेर, असा संथ श्वास करून पाहिला. हा मिनिटाला सहा श्वासांचा वेग बहुतेकांना शांत करतो. त्यांना नाही केला. मोजणी आली की अचूकपणा आला, अचूकपणा आला की ताण आला. तीन दिवसांत तो सोडून दिला.

मग जप सुचवला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा योगातला मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं आढळलं होतं. म्हणजे श्वासाकडे पाठ फिरवूनही श्वास संथ करता येतो. साधिकेनं स्वतःच्या आवडीचा एक छोटा शब्द निवडला. तो मोठ्यानं, पण हळू, सावकाश लांबवत म्हणायचा, संपला की तोंड मिटून स्वस्थ बसायचं, शरीर श्वास घेईल तेव्हा घेईल, मग पुन्हा शब्द. लक्ष आवाजाच्या कंपनावर, श्वासावर नाही. पाच मिनिटं जप, मग दहा मिनिटं तळपाय. हे त्यांना पहिल्या दिवसापासून रुचलं. सातव्या आठवड्यात बैठकीच्या शेवटी पोटावर हात ठेवून तीन श्वास फक्त हाताला जाणवू द्यायचे, एवढी भर घातली. आठव्या आठवड्यात तिनाचे दहा झाले. नाकपुड्यांपाशी जायचंच नाही असं ठरलं होतं, आणि कुणी गेलंही नाही.

परिणाम

निद्रानाशाची तीव्रता मोजणाऱ्या, शून्य ते २८ गुणांच्या प्रश्नावलीत त्यांचे सुरुवातीला १९ गुण होते, म्हणजे मध्यम तीव्रता. आठ आठवड्यांनंतर ११, सहा महिन्यांनंतर ९. नोंदवहीप्रमाणे झोप लागायला सरासरी ७५ मिनिटं लागत, ती आठव्या आठवड्यात ३५ वर आली. तीनची जाग पूर्ण गेली नाही. आठवड्यातून एक-दोनदा येते, पण आता त्या उठून दुसऱ्या खोलीत जातात आणि बहुधा अर्ध्या तासात परततात.

यातलं किती श्रेय ध्यानाचं? प्रामाणिकपणे पाहिलं तर झोपेतल्या सुधारणेचा मोठा वाटा उठण्याची ठरलेली वेळ आणि जागं असताना अंथरूण सोडणं यांचा असावा. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्यानं वेगळं काढता येत नाही. ध्यानाचा स्वतःचा म्हणता येईल असा परिणाम झोपेत नाही, कामाच्या ठिकाणी दिसला. पाचव्या आठवड्यात कामाच्या एका बैठकीत हाताखालच्या माणसानं चुकीचे आकडे मांडले. साधिकेला आधी जबडा घट्ट झाल्याचं कळलं, मग तळपाय जमिनीवर जाणवले, आणि मग त्या बोलल्या, नेहमीच्या आवाजात. मध्ये दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला नसेल. पूर्वी हे दोन-तीन सेकंद त्यांच्याकडे नव्हतेच. मन भटकल्याचं ओळखणं आणि राग चढत असल्याचं ओळखणं ही एकच कला आहे. ध्यानाच्या बैठकीत ती शेकडो वेळा बिनधोक्याची घोटली जाते, म्हणून गरजेच्या वेळी हाताशी येते. आठव्या आठवड्यापर्यंत असे नऊ प्रसंग त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांतल्या दोनमध्ये आवाज तरीही चढला होता.

चौथ्या महिन्यात वडिलांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि तीन आठवडे एकही बैठक झाली नाही. परत सुरू करताना त्यांना पंधरा मिनिटांवरून नाही, पाच मिनिटांवरून सुरू करायला सांगितलं. दहा दिवसांत त्या पूर्वीच्या जागी आल्या. सहा महिन्यांच्या शेवटी सराव आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटांचा होता.

काय वेगळं करता आलं असतं

श्वासाच्या जुन्या आजाराबद्दलचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला गेला, पण ओघात. ठरलेल्या प्रश्नांच्या यादीत तो नव्हता. आता आहे: दमा, बुडण्याचा किंवा गुदमरण्याचा अनुभव, लहानपणी दीर्घ खोकला, अचानक घाबरण्याचे झटके. यांपैकी काहीही असेल तर सुरुवात श्वासानं करायची नाही.

वेळ सुचवण्याआधी साधिकेच्या दिवसाचा तक्ता मागायला हवा होता. एक आठवडा वाया गेला, आणि "मला जमत नाही" या समजाला आणखी एक पुरावा मिळाला.

मिनिटं वाढवण्याचा नियम पहिल्याच दिवशी, थांबण्याच्या नियमासोबत लिहून द्यायला हवा होता. बरं वाटायला लागलेला माणूसच उडी मारतो, घाबरलेला मारत नाही.

झोपेच्या चिकित्सेसाठी नाव पहिल्या भेटीनंतर लगेच नोंदवायचं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात ते तिसऱ्या आठवड्यात नोंदवलं गेलं, कारण सुरुवातीची सुधारणा पाहून सगळेच सैलावले. क्रमांक लागला तेव्हा आठ आठवडे उलटून गेले होते. साधिकेनं तरीही ती घेतली, आणि अंथरुणातल्या वेळेचं गणित तिथे आणखी नीट बसलं. सहा महिन्यांचे ९ गुण त्यामुळेही आले असणार.

सुरुवातीच्या झोपेची नोंद आठवणीवरून केलेली होती. दोन आठवडे रोज नोंद ठेवून मग बदल सुरू केले असते, तर ७५ हा आकडा जास्त विश्वासाचा ठरला असता. पण तेव्हा साधिकेची अवस्था पाहता दोन आठवडे नुसतं लिहीत बसा असं सांगणं मार्गदर्शकांना पटलं नाही, आणि आजही तसं प्रकरण आलं तर तोच निर्णय घ्यावा असं आम्हाला वाटतं.

शेवटच्या भेटीत साधिकेनं विचारलं, "मग नाकावरचा श्वास कधी?" त्यांच्या मनात ती अजून न चढलेली पायरी होती. मार्गदर्शकांनी उलट विचारलं की तळपायांवर आता किती वेळ मन टिकतं. त्या म्हणाल्या, कधी कधी चार-पाच मिनिटं, आणि गेलं तरी लगेच कळतं. "मग तेच करत राहा," मार्गदर्शक म्हणाले. पुढची भेट तीन महिन्यांनी ठरली.